सोळा मात्रांची कँडी

अकोला,
ता. ४ ऑक्टोबर २०२३

चि. अनुपमास चिंतामणकाकाचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांत एक जास्तीचा, कारण तू कामच तसं सांगितलंस.

पत्र पोचलं. फोनवर तुला मी ऐकू येतो, मला तू येत नाहीस. आमचे चिरंजीव पुष्कर म्हणतात, कानाचं यंत्र घ्या. यंत्र घेतलं की तू पत्रं लिहिणं बंद करशील, म्हणून मी ते टाळतो आहे. काकूच्या माघारी पोस्टमन हा एकच माणूस माझं नाव पूर्ण उच्चारतो.

तू पाठवलेलं तुमच्या विस्तार विभागाचं माहितीपत्रक वाचलं. शेंदूरजनाघाटच्या बायकांनी संत्र्याच्या सालीची कँडी करावी म्हणून विद्यापीठ केंद्र काढतं, त्यांना ड्रायर देतं, ही गोष्ट फार चांगली. मंडीत व्यापारी बारीक फळ बाजूला काढतो, त्याचा रस निघतो आणि साल उकिरड्यावर जाते, हे मीही पाहिलेलं आहे. पण तुमच्या पत्रकाची सुरुवात ‘प्रथमतः फलत्वचेचे विलगीकरण करावे’ अशी आहे. हे वाचून एकही बाई संत्रं सोलणार नाही. कृती सोप्या मराठीत, पाठ होईल अशी लिहून द्या, असं तू म्हणालीस. पाठ होण्याचा रस्ता मला एकच ठाऊक आहे.

बाळापूरच्या शाळेत दुपारचा तास माझा असे. शेजारच्या जिनिंग कारखान्यात कापसातली सरकी काढली जायची, खिडकीतून कापसाचे तंतू आत यायचे, आणि चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणायची तेव्हा ते तंतूदेखील तालावर उतरतात असं वाटे. एका पोराला पूर्णेच्या उपनद्या काही केल्या येईनात. मी त्या पद्यात बसवून दिल्या. तो आता तहसील कचेरीत आहे. रस्त्यात भेटला की नमस्कार करून सगळ्या उपनद्या म्हणून दाखवतो. त्या कुठून कुठे वाहतात ते त्याला अजून माहीत नाही, पण एकही सुटत नाही.

तर तुमची कृती मी पादाकुलक वृत्तात बसवली आहे. ओळीला सोळा मात्रा, आठावर विसावा. साल कापताना हात जसा चालतो तशीच चाल आहे.

साल काढुनी कापुन घ्यावी,
मिठपाण्याने न्हाउन यावी;
दोन उकळि द्या, कडवटपणही
निघून जाइल, उरे न काही.
पाकामध्ये मुरवत ठेवा,
यंत्रामध्ये सुकवुन सेवा.

तिसरी-चौथी ओळ मोठ्याने म्हणून बघ. ‘उरे न काही’ला मी दोन दिवस थांबलो होतो. तुझ्या कृतीतले एकदोन शब्द गाळावे लागले, वृत्त त्यांना जागा देईना. अर्थाला कुठे धक्का लागलेला नाही.

माझी कविता आजवर कुठे छापून आलेली नाही. शाळेच्या हस्तलिखितात यायची, पण ते हस्तलिखित मीच लिहून काढत असे. तेव्हा कागदावर खाली बारीक अक्षरात नाव टाकलंत तर मी आडवा येणार नाही.

माया आहे तशीच आहे. ती वाढवायची असेल तर उत्तर लवकर टाक.

तुझा,
चिंतामणकाका

---

अमरावती,
ता. १९ ऑक्टोबर २०२३

ती. काकांस अनुपमाचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, आणि तुम्ही डोळ्यांत औषध घालत असाल असं धरून पुढे लिहिते.

तुमची कविता कागदावर छापली नाही. फ्लेक्सवर छापली. केंद्राच्या भिंतीभर झाली आहे. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि कुलगुरूंचं नाव, मध्ये कविता, खाली तुमचं नाव. छापणाऱ्याने अक्षरं सगळी एकाच मापाची घेतल्यामुळे तुमचं नाव कुलगुरूंच्या नावाएवढं आलं. हे चिंतामण कोण, असं कार्यालयातून विचारणं झालं. मी भाषातज्ज्ञ म्हणून सांगितलं.

गटाच्या प्रमुख वच्छलाबाई आहेत. मंडीत संत्र्याची छाटणी करणाऱ्या बायकांची टोळी त्या सांभाळायच्या. आवाज असा आहे की मला माईक लागतो आणि त्यांना तो बंद करावा लागतो. त्यांनी एका दिवसात सगळ्यांकडून कविता पाठ करून घेतली. माझ्या व्याख्यानाच्या वेळी दोघीजणी झोपल्या होत्या. कविता चालू झाल्यावर त्याच पुढे येऊन बसल्या.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, कारण घरात दुसरं कोणी विचारत नाही. मागची काही वर्षं आम्ही गावोगाव प्रशिक्षणं दिली, प्रमाणपत्रं दिली, फोटो काढले, आणि प्रमाणपत्रांखेरीज त्यातून काही तयार झालं नाही. म्हणून यंदा मीच अट घालून घेतली. ड्रायर केंद्रात एका हंगामापुरता उसना आहे. डिसेंबरात समिती येईल. तालुक्याबाहेरच्या एखाद्या व्यापाऱ्याने माल एकदा नव्हे, दोनदा घेतला असेल, तरच ड्रायर तिथे राहील. एकदा कोणीही घेतं, ओळखीखातर घेतं. दुसऱ्यांदा घेतो तो गिऱ्हाईक. नाही जमलं तर ड्रायर दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि वच्छलाबाईंच्या बायका पुन्हा मंडीत जातील. पण आता मंडीतही जागा उरलेली नाही. त्यांच्या जागी व्यापाऱ्याने दुसऱ्या बायका लावल्या. वच्छलाबाईंनी सगळ्यांना स्वतःच्या शब्दावर आणलं आहे.

अमरावतीचे ओमप्रकाशजी, सुक्या मेव्याचे व्यापारी, दिवाळीसाठी पहिला माल घ्यायला तयार झाले आहेत. मात्र चव घेऊन नव्हे, तुमच्या विद्यापीठाच्या नावावर हो म्हणतो, असं म्हणाले. मला तेच जरा टोचलं.

आशीर्वाद असू द्यात, आणि तो फ्लेक्ससारखा एकाच मापाचा नको.

आपली,
अनुपमा

---

अकोला,
पाडवा, ता. १४ नोव्हेंबर २०२३

चि. अनुपमास सणाचे आशीर्वाद.

पुष्करने फोनवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. बोटांनी मोठा करून करून पाहिला. ‘न्हाउन’मधला उकार ऱ्हस्व ठेवला, हे पाहून छापणाऱ्याविषयी आदर वाटला.

पुष्कर म्हणतो, बाबा आता फ्लेक्सकवी झाले, चौकातल्या वाढदिवसांच्या फ्लेक्सांशी त्यांची स्पर्धा आहे. त्याचं मी मनावर घेत नाही. तो वाणिज्य शाखेचा आहे.

सकाळी ओवाळणीच्या वेळी सुनेने फराळात तुमची कँडी ठेवलेली नव्हती, ती बाजारात मिळाली नाही म्हणे. याचा अर्थ मी असा घेतला की सगळी खपली. पुढच्या खेपेला पाकिटं भरण्यावर एखादी कविता हवी असल्यास कळव. दिंडी वृत्त बरं पडेल, त्यात जरा ऐसपैस जागा असते.

आठवण राहू दे, इतकंच मागणं.

चिंतामणकाका

---

अमरावती,
ता. २२ नोव्हेंबर २०२३

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

कँडी खपली नाही. परत आली.

ओमप्रकाशजींनी सगळे डबे गाडीत घालून पाठवले. सोबत माणूस होता, त्याच्यापाशी निरोप होता. शेठ म्हणतात, आपण लोकांना दिवाळीत तोंड गोड करायला बोलावतो, औषध द्यायला नाही. पहिल्यांदा जिभेवर गोड लागते, मग जे कडू चढतं ते पाण्यानेही उतरत नाही. एका गिऱ्हाइकाने दुकानात परत येऊन विचारलं म्हणे, ही मधुमेहावर आहे का.

मी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. शेठचं खरं आहे. सालीतला कडवटपणा जेवढा उतरायला हवा त्याच्या निम्माही उतरलेला नाही. साखर, मीठ, ड्रायर, सगळं नीट. मग मी शेंदूरजनाघाटला जाऊन कोपऱ्यात बसले आणि बायका करतात ते नुसतं पाहिलं.

त्या साल उकळतात. खाली उतरवतात. तुमची कविता म्हणतात. आणि पुन्हा त्याच पाण्यात उकळतात.

काका, माझ्या कृतीत ‘दोन उकळ्या, प्रत्येक उकळीनंतर पाणी फेकून’ असं होतं. कडवटपणा पाण्यात उतरतो. ते पाणी फेकलं नाही तर तो जाईल कुठे? सालीत परत येतो.

मी वच्छलाबाईंना विचारलं, पाणी का नाही फेकलं. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मी म्हटलं, अहो, प्रशिक्षणात मी सांगितलं होतं. तेव्हा गटातल्या माणिकबाई म्हणाल्या की हो, त्यावर आमची चर्चा झाली होती. मॅडम तोंडानं बोलतात, विद्यापीठ छापून बोलते. मग छापलेलं धरलं. शिवाय पाणी. तिथल्या विहिरी किती खोल गेल्या आहेत तुम्हाला कल्पना नाही. भांडंभर पाणी नुसतं ओतून द्यायचं हे त्यांच्या हाताला जमणारं नव्हतंच, आणि फ्लेक्सने त्यांची सुटका केली.

चूक माझीही आहे. कविता हातात आली तेव्हा मी ती काकांची कविता म्हणून वाचली, कृती म्हणून वाचलीच नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. तपासायला हवं होतं तिथे मी ती तशीच छापायला पाठवली.

समिती २० डिसेंबरला येते आहे. ओमप्रकाशजी फोन घेत नाहीत. वच्छलाबाईंनी मला चहा दिला, पण बसा म्हटलं नाही.

रागावून लिहिलेलं नाही. रागावले असते तर फोन केला असता.

आपली,
अनुपमा

---

अकोला,
ता. २७ नोव्हेंबर २०२३

चि. अनुपमास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जेवलो नाही असं नाही, पण उशिरा जेवलो.

वृत्ताची बाजू मांडणं माझं काम आहे, ती मांडतो. पादाकुलकात ओळीला सोळा मात्रा. ‘प्रत्येक उकळीनंतर पाणी फेकून’ हे शब्द तिथे बसत नाहीत. कोणाच्या बापाला बसवता येणार नाहीत. ज्याने छापलं त्याने, ज्याने शिकवलं त्याने आणि ज्यांनी उकळलं त्यांनी आपापल्या ठिकाणी विचार करायला हवा होता. कविता सूचना देते, पहारा करत नाही.

तरीही दुरुस्ती केली आहे. कडवटपणाची ती दोन चरणं काढून त्या जागी हे घ्यावं:

दोन उकळि द्या त्यागुनि पाणी,
मग येई ती गोड कहाणी.

वेळ जाऊ नये म्हणून हेच सगळं वच्छलाबाईंनाही परस्पर लिहून पाठवलं आहे. त्यात मी त्यांना भगिनी म्हटलं आहे.

फोन केला नाहीस त्याबद्दल आभारी,
चिंतामणकाका

---

शेंदूरजनाघाट,
ता. ४/१२/२०२३

आदरनीय गुरुजीले वच्छलाचा नमस्कार. तुमची तब्येत बरी असन, आमची बी बरी हाये, कँडीची सोडून.

तुमचं पत्र भेटलं. गटात वाचून दाखवलं. त्यागुनि म्हंजे काय, कोनालेच समजलं नाही. माणिकबाई म्हन्ते, पानी साधूले द्याचं काय. पार्बताबाई म्हन्ते, त्याग म्हंजे उपास असते, म्हंजे पान्याशिवाय उकळाचं. म्या म्हन्लं, पयल्या गान्यानं माल वापस आला, या गान्यानं भांडं जळून जाईन. तवा हे गानं आमी लावत नाही. राग मानू नका.

आन पयल्या गान्यात शेवटी ‘सेवा’ लिवलं तुमी. आमाले ते सेवाची नाही, इकाची हाये. पन ते राहू द्या, चाल चांगली हाये, कापताना हात भराभर चालते.

गुरुजी, तुमाले एक सांगतो. तुमी म्हन्ता बायाईनं इचार कराले पायजे होता. केला होता. आमच्या विहिरीले पावसाळ्यात बी तळ दिसते. पानी फेकाचं म्हन्लं तर हात पुढे जात नाही. मॅडमनं सांगतलं तेव्हा मलेच पटलं नव्हतं. मंग भिंतीवर पाह्यलं तं फेका लिवलंच नाही. म्या मनात म्हन्लं, लिवनारा माणूस समजदार हाये, त्याले विहीर माहीत हाये. तुमाले विहीर माहीत नव्हती, हे मले आता समजलं.

मॅडम रोज येऊन राहिल्या. त्याईनं आता एक करून दाखवलं. पयल्या उकळीचं पानी फेकाचं, ते तं लय कडू असते. पन दुसऱ्या उकळीचं ठेवाचं, ते दुसऱ्या घाण्याच्या पयल्या उकळीले वापराचं. विद्यापीठात मशीनवर तपासून आनलं, चालते म्हने. अर्धं पानी वाचते. हे आमाले आधी सांगतलं असतं तं एवढं झालंच नसतं, म्या मॅडमले तोंडावर म्हन्लं. त्या म्हन्ल्या, मले बी विहीर आत्ता दिसली.

आता ओमप्रकाश शेठ. त्याले म्या सोताच फोन लावला. पयले उचलला नाही, मंग नवऱ्याच्या फोनवरून लावला तं उचलला. तो म्हने बाई, घरी डबा पाठवू नका, मी काही खाऊन हो म्हननार नाही. ज्या दिवशी तुमची समिती हाये त्या दिवशी वरूडले माझं काम हाये, तिकडून येतो, उभ्या उभ्या खातो, पटलं तं घेतो. म्हंजे सगळं एकाच दिवसावर येऊन ठेपलं. या बाया माझ्या शब्दावर मंडी सोडून आल्या. मंडीत आता आमची जागा नाही. म्या कोनाले काही बोलत नाही, पन मले झोप नाही.

तुमी त्या दिवशी या. नाव भिंतीवर हाये, माणूस बी दिसला पायजे. येताना दुरुस्त करून आना, पन आमच्यासारखं.

लहानाईले आशीर्वाद, मोठ्याईले नमस्कार, जो जसा असन त्याले तसा.

वच्छला

---

अकोला,
ता. ९ डिसेंबर २०२३

चि. अनुपमास आशीर्वाद.

वच्छलाबाईंचं पत्र आलं. त्यातून कळतं की तू रोज जाते आहेस. अमरावती-शेंदूरजनाघाट रोज जाणं-येणं म्हणजे मोर्शीपर्यंतचा रस्ता तुला आता पाठ झाला असेल.

काल दुपारी पुष्करच्या मुलांच्या फळ्यावर मी एक ओळ लिहून पाहिली. ‘दोन उकळि द्या, पाणी फेका.’ मात्रा मोजल्या. पहिला भाग आठ. ‘पाणी फेका’ आठ. पुन्हा मोजल्या, कारण मला त्या सात किंवा नऊ हव्या होत्या.

म्हणजे वृत्ताने जागा नाकारली नव्हती. ‘फेका’ हा शब्द मला कवितेत नको होता. घरात आपण केर फेकतो, भांड्यातलं उरलेलं फेकतो, आणि माझ्या पहिल्या छापलेल्या कवितेत तो शब्द यावा असं मला वाटलं नाही. त्यापेक्षा ‘उरे न काही’ बरं वाटलं. मागच्या पत्रात मी वृत्ताला पुढे केलं आणि त्याच्या मागे उभा राहिलो. कोणाच्या बापाचं काढलं तेही परत घेतो.

ओळ वच्छलाबाईंना पाठवली आहे. तिच्याशी जुळणारी दुसरी ओळ मला सुचत नाही. सुचते ती सगळी फुलंपानं घेऊन येते. ती जागा रिकामी ठेवून पाठवली.

एकोणीसला एसटीने निघतो. पुष्कर गाडीने सोडतो म्हणाला, पण एसटीच्या खिडकीत बसून मोर्शीपुढचे संत्र्याचे बगीचे पाहायचे आहेत. तुझ्या काकूला त्या बाजूच्या फुलोऱ्याचा वास फार आवडे. डिसेंबरात फुलोरा नसतो हे मला माहीत आहे.

भेटीत बोलू नकोस, मला ऐकू येणार नाही. नुसती भेट.

चिंतामणकाका

---

अकोला,
ता. २४ डिसेंबर २०२३

चि. अनुपमास आशीर्वाद.

निकाल तुला तिथेच कळला. पण लाभार्थ्यांशी चर्चा चालू असताना समन्वयकाने हजर राहू नये, असा तुमचा नियम असल्याने तू फाटकाबाहेर जीपमध्ये बसून होतीस. आत काय झालं ते माझ्याशिवाय कोणी नीट सांगणार नाही, आणि मलाही निम्मंच ऐकू आलं. उरलेलं पाहिलेलं आहे.

समितीचे तिघे आले. त्यांना आधी हजेरीपट दाखवला, मग छायाचित्रं. अध्यक्षांनी किती महिला प्रशिक्षित झाल्या असं विचारलं. वच्छलाबाई म्हणाल्या, प्रशिक्षित सगळ्याच झाल्या, शहाण्या मागच्या महिन्यात झाल्या. हे अध्यक्षांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती, फ्लेक्सच्या बरोबर खाली. वर नाव आणि खाली मी. ‘कडवटपणही निघून जाइल’वर कोणीतरी कोळशाने आडवी रेघ मारलेली होती. मास्तर असताना मी हजारो रेघा मारल्या असतील. पोरांना कसं वाटत असेल याचा विचार त्या खुर्चीत पहिल्यांदा केला.

ओमप्रकाश शेठ आले ते थेट हात धुवायला गेले. धिप्पाड गृहस्थ, पाण्याची बाटली स्वतःची घेऊन आलेले. अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. वच्छलाबाईंनी डबा पुढे केला. शेठनी वरची कँडी घेतली नाही. वरची नेहमी चांगली असते म्हणाले, आणि हात तळापर्यंत घालून खालची काढली.

त्यांनी ती तोंडात टाकली आणि ते सावकाश चघळत राहिले. कडू मागाहून चढतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते थांबले होते. पार्बताबाई पदराचं टोक चावत होत्या. माणिकबाई त्यांच्या तोंडाकडे न पाहता बाटलीकडे पाहत होत्या, हात तिकडे जातो का ते. वच्छलाबाई कशाकडेच पाहत नव्हत्या.

हात बाटलीकडे गेला नाही. शेठनी दुसऱ्या डब्यातली, पुन्हा तळाची, काढून खाल्ली. मग विचारलं, संक्रांतीला किती देता.

अध्यक्षांना ते नोंदीसाठी नीट वाक्यात हवं होतं. आपण हा माल दुसऱ्यांदा घेत आहात असं कृपया सांगावं, म्हणाले. शेठ म्हणाले, साहेब, आपण दुकानदार आहोत, साक्षीदार नाही. पहिला माल मी घेतला नव्हता, वापस केला होता. हा पहिलाच. दुसरा संक्रांतीनंतर मागीन, तेव्हा लिहा.

इथे जीव गेला बघ. तुझी अट दोनदाची होती, आणि शेठचा हिशेब चोख. अध्यक्षांनी पेन उचललं तशा वच्छलाबाई उठल्या. म्हणाल्या की साहेब, पहिल्यांदा विद्यापीठाच्या नावावर घेतला होता, तो धरू नका. पण वापस करून जो माणूस पुन्हा दारात आला, त्याला कितवा धरता ते तुम्ही ठरवा. शेठ हसले. समितीत एक बाई होत्या, त्या म्हणाल्या की ड्रायर संक्रांतीनंतरच्या मागणीपर्यंत इथेच राहावा. अध्यक्ष म्हणाले, तसा नियम नाही. त्या म्हणाल्या, नसल्याचाही नियम नाही. मग तिघांनी सह्या केल्या.

जाता जाता अध्यक्षांना गाणं ऐकायचं होतं, फोटोसाठी. हे कोणी बसवलं, असं विचारलं. वच्छलाबाईंनी माझ्याकडे हात केला. गानं गुरुजीचं, म्हणाल्या, चूक बी त्याईचीच, बाकी आमचं. आणि बायकांनी हात चालवत म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी माझ्या होत्या. मग आलं:

दोन उकळि द्या, पानी फेका,
दर येळेले ताजं टाका.

मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या. सोळा. सोळा. कुठे ओढाताण नाही, कुठे भरतीचा शब्द नाही. दुसऱ्या घाण्याला जुनं पाणी वापरतात ते ‘ताजं’मध्ये बसत नाही, असं मी हळूच वच्छलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते आमाले मालूम हाये, गान्याले कायले सांगाचं.

अनुपमा, मला बाळापूरच्या वर्गाची आठवण झाली, पण ती मी तिथेच थांबवली. समोर ऐकण्यासारखं चालू होतं.

नवा फ्लेक्स छापाल तेव्हा खाली माझं नाव नको. कविता आता त्यांची आहे. ‘महिला गट, शेंदूरजनाघाट’ एवढं पुरे. अगदीच जागा उरली तर पहिल्या दोन ओळींपुरतं कुठेतरी बारीक अक्षरात टाकायला हरकत नाही, पण आग्रह नाही.

जपून राहा. कानाच्या यंत्राचं मनावर घेतो आहे. त्या दिवशी बायकांच्या शेवटच्या दोन ओळी माझ्या कानातून सुटल्या.

तुझा,
चिंतामणकाका

---

शेंदूरजनाघाट,
ता. २/२/२०२४

गुरुजीले वच्छलाचा नमस्कार.

शेठची मागनी आली. संक्रांतीपेक्षा जास्त हाये. समितीले कळवलं. ड्रायर आता इथंच, कागद आला, मॅडमनं वाचून दाखवला. आनखी चार बाया घेतल्या, दोघी मंडीतल्याच.

नवा फ्लेक्स बी आला. मॅडम म्हने, गुरुजी म्हन्तात माझं नाव काढा. म्या नाही म्हन्लं. तुमचं नाव खाली तसंच हाये, पयल्याएवढंच. नव्या बाया आल्या, त्या शिकतानी चुकतीन, माल खराब होईन, मंग कोनाले बोलाचं? भिंतीवर एक नाव पायजे.

खुशाली कळवजा. कानाचं यंत्र घेतलं असन तं फोन करा, नसन तं पत्र लिवा.

वच्छला